रडारची परीक्षा घेणारा कोपरा

२६ जुलै २००५. सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस. आपले फोटो काढणारे उपग्रह तेव्हाही वर फिरत होतेच, पण त्यांना खाली दिसणार काय? ढग! ढगांच्या आरपार बघायला रडार लागतं. देशात बनवलेलं असं पहिलं रडार घेऊन रिसॅट-१ उडाला तो २६ एप्रिल २०१२ ला.

रडार स्वतःच रेडिओलहरी सोडतं आणि परत आलेली लहर मोजतं. संथ पाण्यावरून लहर पुढे निसटते, म्हणून पूर काळा दिसतो. वाशी-नेरूळच्या इमारतींत ती रस्ता आणि भिंतीच्या कोपऱ्यातून उलटी फिरते, म्हणून त्या चमकतात.

आता खरी गोम. शेत मागच्या फेरीपेक्षा काळं दिसलं. पाणी शिरलं, की रडारच मंदावलं? हे सांगता येत नसेल, तर पंचनाम्याला तो नकाशा काय कामाचा?

यावरचा उपाय अगदी साधा आहे: धातूचे तीन पत्रे एकमेकांना काटकोनात जोडायचे आणि तो कोपरा उपग्रहाकडे तोंड करून ठेवायचा. लहर तीनदा आपटते आणि आली तशी परत जाते. किती परत जाईल, ते गणिताने आधीच ठरतं. बाजू दुप्पट केली तर सोळापट! आम्हा सॉफ्टवेअरवाल्यांच्या भाषेत हा टेस्ट केस: उत्तर माहीत आहे, आता मशीन काय सांगतं ते बघा. फक्त पत्र्याला खाली भोकं पाडावी लागतात, नाहीतर पावसाचं पाणी साचून उत्तरच बदलतं.

१९७८ मध्ये अमेरिकेचा सीसॅट रडार घेऊन गेला आणि साधारण शंभर दिवसांत बंद पडला. १९९४ मध्ये एंडेव्हर यानातून रडार दोनदा वर गेलं, तेव्हा जर्मनीतल्या ओबरफाफेनहोफेनजवळ असे कोपरे मांडून त्याची मापं तपासली गेली.

आणि ३० जुलै २०२५ ला उडालेला निसार? त्यात नासाचं एल-बँड आणि इस्रोचं एस-बँड रडार आहे, अँटेना १२ मीटरची. त्याच्यासाठी इस्रोने अहमदाबादच्या आसपास कोपरे बसवले. जोडीला ॲमेझॉनचं जंगल. ते मैलोन् मैल जवळजवळ सारखंच. तिथे चित्राची एक कड उजळ आणि दुसरी मंद आली, तर चूक जंगलाची नाही, अँटेनाच्या हिशेबाची.

निसार दर १२ दिवसांनी आपल्यावरून पुन्हा तीच जमीन बघतो. दोन फेऱ्यांमधला फरक म्हणजे खरंच पूर, हे ठामपणे सांगता येतं ते जमिनीवरच्या त्या तीन पत्र्यांच्या जोरावर.