घसारा

बी. कॉम.च्या परीक्षेत ‘घसारा’ या विषयावर मी आठ गुणांचा प्रश्न सोडवला आणि सहा गुण मिळवले. यंत्र वापरले की झिजते, झिजले की त्याची किंमत दरसाल थोडी उतरवायची, आणि शेवटी काहीच उरले नाही तरी वहीत नाव राहावे म्हणून एक रुपया शिल्लक ठेवायचा. पुढे बँकेत चिकटलो. तिथे वीस वर्षांत टेबले, पंखे आणि हेडकॅशियर अशा सगळ्यांचा घसारा जवळून पाहिला. पण हा शब्द घासण्याच्याच घराण्यातला आहे, हे कळायला मला चाळिशी उलटावी लागली. आणि त्यासाठी वडिलांची पटाशी जाळावी लागली.

झाले असे की, आमच्या डोंबिवलीच्या ब्लॉकच्या गॅलरीत हिने अकरा कुंड्या मांडल्या आहेत. त्यातल्या जास्वंदीची फांदी कात्री कापत नव्हती, चघळत होती. खुरपे तर इतके बोथट की, त्याने माती उकरण्यापेक्षा मातीची समजूत काढणे सोपे. “नुसते पेपर वाचता, जरा धार लावून आणा,” असा हुकूम झाला. योगायोगाने त्याच आठवड्यात वाचनालयात मी एका यंत्राविषयी वाचले होते. स्वीडनमधल्या तोर्ग्नी यान्सन नावाच्या गृहस्थाने १९७३ साली ते काढले. टॉर्मेक त्याचे नाव. त्याचे चाक पाण्यात अर्धवट बुडून मिनिटाला जेमतेम नव्वद फेरे घेते, म्हणजे साधारण आमच्या शाखेच्या गतीने. एका बाजूला चामड्याचे चाक असते, त्यावर शेवटची जिलई.

मी भारावून जाहीर केले, “आपण वेट ग्राइंडर घेऊ या!”

“अगबाई! खरंच?” ही म्हणाली आणि उठून उडीद डाळ भिजत घालायला गेली.

कोइमतूरच्या वेट ग्राइंडरला भौगोलिक मानांकन आहे, तेव्हा चूक तिची म्हणता येत नाही. भारतात वेट ग्राइंडर म्हणजे इडलीच. खुलासा ऐकल्यावर तिने डाळ निथळली आणि दोन दिवस नुसता भात केला. स्वीडिश यंत्राची किंमत कळल्यावर तर भाताबरोबरचे वरणही पातळ झाले.

तेव्हा मी माळ्यावरची वडिलांची पेटी काढली. आत रंधा, वाकस, गिरमिट, कानस आणि मधोमध कापडात गुंडाळलेली एक इंची पटाशी. वडील ठाण्याला, वागळे इस्टेटमधल्या एका कारखान्यात पॅटर्नमेकर होते. १९६२ साली महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ स्थापन झाले, त्याच्या अगदी पहिल्या वसाहतींपैकी ही वागळे इस्टेट. पॅटर्नमेकर म्हणजे ओतकामाचा लाकडी नमुना करणारा. ओतीव लोखंड थंड होताना शेकडा एकच्या आसपास आकसते, म्हणून नमुना तेवढा मोठा करावा लागतो. आणि त्यासाठी पॅटर्नमेकरची पट्टीच तेवढी लांब असते. ही गोष्ट न कळता मी ती पट्टी सातवीत भूमितीच्या परीक्षेला नेली. माझे सगळे त्रिकोण शेकडा एकने चुकले. बाबा मात्र खूश. म्हणाले, “थंड झाले की बरोबर येतील.”

तर आमच्या सोसायटीतल्या एका सद्गृहस्थांकडे विजेचा सुका ग्राइंडर आहे. मिनिटाला अठ्ठावीसशे फेरे. खुरपे झाले, कात्री झाली, ठिणग्यांनी गच्चीवर दिवाळी झाली. उत्साहाच्या भरात मी पटाशी टेकवली. क्षणभरात टोकाला सोनेरी रंग आला, मग तपकिरी, मग मोरपंखी निळा. मला तो फार आवडला. घरी आणून हिला दाखवलासुद्धा. दुसऱ्या दिवशी सागाच्या तुकड्यावर एक घाव घातला आणि धार वळली. शिळ्या पापडासारखी.

रविवारी सायकलवर चाक बसवलेले धारवाले काका खाली आले. सांगलीकडचे शिकलगार. पटाशी हातात घेऊन त्यांनी उन्हात धरली.

“साहेब, हिचं पाणी गेलं की.”

“म्हणजे?”

“कुणी जाळली?”

मी सोसायटीच्या त्या सद्गृहस्थांकडे बोट दाखवले. खोटे बोलताना मलाही थोडा निळा रंग आला असावा.

गोष्ट सरळ आहे. पोलाद तापवून बुडवले की कडक होते, पण काचेसारखे फुटते. म्हणून ते पुन्हा बेताने तापवून त्याला जरा नरमावतात. यालाच आपण पाणी देणे म्हणतो. पुढे कधी ते त्या बेताच्या वर तापले की पाणी उतरते. निळा रंग येतो तो तीनशे अंशांच्या आसपास. आणि पाणी तर शंभरालाच उकळते. जोवर पाते ओले आहे तोवर ते जळूच शकत नाही, एवढेच त्या स्वीडिश यंत्राचे गुपित. आपली भाषा हे आधीपासून जाणून आहे. आपण पोलादाला पाणी देतो, धार पाजवतो, आणि बरा माणूस भेटला की त्याला पाणीदार म्हणतो.

आमच्या भागात हत्यार आणि पाणी यांचा संसार जुनाच. सहाव्या शतकात कॉस्मस नावाच्या ग्रीक प्रवाशाने कल्याण बंदरातून तांबे, लाकूड आणि कापड परदेशी जाते असे लिहून ठेवले. १६५७ साली शिवाजी महाराजांनी कल्याण-भिवंडी घेतली आणि पुढे इथल्या खाडीत जहाजे बांधायला लागले. त्या कामावर पोर्तुगीज कारागीरही होते. वसईच्या पोर्तुगीजांनी कान भरले तेव्हा ते काम टाकून पळाले. आरमार मात्र उभे राहिले. दिवसभर वाकस चालवणारा आपला सुतार संध्याकाळी दगडावर पाणी शिंपडून धार पाजवत बसला असणार. बखरीत ते येत नाही. धार लावण्याला लढाईचा मान नाही.

तो मान थोडाफार मिळाला शिकलगारांना. ‘सैकल’ म्हणजे जिलई. तो शब्द अरबी-फारसीतून आला. तलवारी घासूनपुसून सज्ज ठेवणारे ते शिकलगार. त्यांची जुनी सहाण कुरुंदाची भुकटी लाखेत घट्ट बसवून केलेली. १८१८ नंतर फौजा मोडल्या, १८७८ साली इंग्रजांनी हत्यारांचा कायदा केला. तलवार खुंटीवर गेली आणि चाकाखाली विळ्या-कात्र्या आल्या. माणूस तोच, चाक तेच, गिऱ्हाईक बदलले. बँकेत याला आम्ही बदली म्हणतो.

कुरुंदाचे राज्य अमेरिकेत गेले. १८९१ साली अ‍ॅचेसन नावाचा एक जण कृत्रिम हिरे करायला म्हणून चिकणमाती आणि कोक विजेने तापवत बसला. हिरे झाले नाहीत, पण काच कापणारे स्फटिक हाती आले. त्याला वाटले, यात कार्बन आणि कुरुंद आहे. म्हणून नाव ठेवले कार्बोरंडम. कुरुंद त्यात नव्हतेच. मी खात्याला चुकीचे नाव घातले तर मेमो मिळतो. याला पेटंट मिळाले. आपल्याकडे १९४१ साली उरणजवळ मोरा येथे ग्राइंडिंग चाकांचा कारखाना निघाला. म्हणजे स्वीडनला जाण्याआधी भाऊच्या धक्क्यावरून लाँच पकडली असती तरी चालले असते.

काकांना यातले काही मी सांगितले नाही. त्यांनी हँडलला दुधाचा डबा टांगला होता, त्याच्या भोकातून सुतळीवरून थेंब थेंब पाणी चाकावर पडत होते. पायाने सावकाश चाक फिरवत त्यांनी निळा भाग घासून काढायला घेतला. दर चार-पाच दमांनी बोट लावून बघायचे. पाऊण तास गेला. पाच-सहा मिलिमीटर पटाशी पाण्याबरोबर गटारात गेली.

“बापाची काय?” त्यांनी मान वर न करता विचारले.

“हो.”

“आखूड झाली. पण पाणी आत शाबूत हाय.”

मग त्यांनी डाव्या हाताचे केस पात्याने काढून बघितले, आणि मला एकदम बाबांचा हात आठवला. बाबांच्या डाव्या मनगटावर एका जागी कधीच केस नसत. रात्री जेवण झाले की ते मोरीजवळ निसण्यावर पाणी टाकून पटाशी फिरवत आणि तिथेच धार तपासत. शाळेत मुले विचारत, “तुझ्या बाबांना खरूज आहे का रे?” आणि मी हात झाकायला सांगायचो. ते हसून बाही खाली ओढत. पुढे कारखाना बंद पडला. त्या जागी आज तीस मजली इमारत आहे. बाबा घरी बसले, पेटी माळ्यावर गेली. आणि दोन महिन्यांनी, पेपर वाचताना, माझे सहज लक्ष गेले: त्यांच्या मनगटावर केस आले होते. मला वाटले, बरे झाले, खरूज गेली. कॉमर्सचा पदवीधर होतो मी तेव्हा. आठपैकी सहा गुण मिळवलेला.

आता दर रविवारी मी मोरीजवळ बसतो. निसणा ओला करतो, पाते टेकवतो, घाई करीत नाही. धार लावली की पटाशी जरा कमी होते. न लावावी तर पुरी असून उपयोग नाही. पुस्तकात घसारा नुकसानीच्या बाजूला लिहिला होता. परीक्षेपुरते ते बरोबरच आहे.

हिचा वेट ग्राइंडर यथावकाश आला. तोही दगडाचा, तोही पाण्यातला, तोही सावकाश फिरणारा. पीठ तापू नये म्हणून. इडल्या उत्तम होतात. जास्वंदही एका झटक्यात कापली जाते.

परवा काउंटरवर एका म्हाताऱ्या खातेदाराने माझ्या मनगटाकडे बराच वेळ पाहिले आणि हळूच विचारले, “साहेब, डॉक्टरला दाखवलंत का?”

“गरज नाही, आजोबा,” मी पासबुक परत देत म्हटले, “आमच्या घराण्यात आहे ते.”

बाही मात्र खाली ओढली नाही.