जबेल अलीचा हेलियम आणि आतून खडखडणारी तार

दुबईहून अबू धाबीला जाताना वाटेत जबेल अली लागतं. २०१७ पर्यंत या बंदरातून एक वेगळाच माल जायचा: कतारचा द्रवरूप हेलियम. टँकर सौदीमार्गे इथे यायचे आणि पुढे जहाजाने जगभर. ५ जूनला सौदी, अमिराती, बहारीन आणि इजिप्तने कतारशी संबंध तोडले, सीमा बंद झाली. दहा दिवसांच्या आत कतारचे दोन्ही हेलियम कारखाने थांबले. जगाचा साधारण पाव हेलियम तिथला! फुग्यांचं सोडा, खरी धास्ती एमआरआयवाल्यांना होती.

का, ते समजायला तारेच्या आत डोकवावं लागेल. १९११ मध्ये लायडनला कामरलिंग ओनेसने पारा उणे २६९ अंशांपर्यंत थंड केला आणि त्याचा विद्युतरोध नाहीसा झाला. अशा अतिवाहक, म्हणजे सुपरकंडक्टिंग तारेचं प्रचंड चुंबक करायचं त्याचं स्वप्न होतं. पण शिशाची तार थोड्याशा चुंबकीय क्षेत्रातच साधी तार व्हायची.

१९६०च्या सुमारास नायोबियमचे मिश्रधातू आले. ते क्षेत्राला अडवत नाहीत, बारीक भोवऱ्यांच्या रूपात आत घेतात. गंमत इथेच आहे बघा. हे भोवरे धातूतल्या दोषांना अडकून बसतात, मग एकदम घसरतात. चुंबक चढवताना व्होल्टमीटरवर त्याचे झटके दिसतात, तोच हा चुंबकीय खडखडाट. प्रत्येक घसरणीने थोडी उष्णता होते, उष्णतेने आणखी भोवरे सुटतात, आणि क्षणात तारेचा अतिवाहकपणा संपतो. भोवतीचा हेलियम उकळून बाहेर! त्यासाठीच एमआरआयच्या खोलीतून एक जाड नळी इमारतीबाहेर काढलेली असते.

उपाय सापडायला बरीच वर्षं गेली. एका जाड तारेऐवजी केसाइतके बारीक तंतू तांब्यात बसवायचे आणि पिळायचे. तंतू बारीक, म्हणून एका घसरणीची उष्णता कमी, आणि ती तांबं ओढून घेतं. ब्रिटनच्या रदरफर्ड प्रयोगशाळेतलं हे काम मला ओनेसच्या शोधाइतकंच मोठं वाटतं. नोबेल मात्र त्याला नाही.

तरी थंडावा लागतोच. जुन्या धाटणीच्या एमआरआयमध्ये हजाराहून जास्त लिटर हेलियम असतो. २०१७ च्या जुलैत कतारचे कारखाने पुन्हा सुरू झाले, माल ओमानमार्गे जायला लागला. २०१८ मध्ये फक्त ७ लिटरवर चालणारं, पूर्ण बंद एमआरआय बाजारात आलं. आतली तार अजून नायोबियम-टायटेनियमचीच.