सोंग, फासा आणि निवाडा



द्यूतसभेतून बोलावणे आले तेव्हा द्रौपदी लगेच उठून निघाली नाही. तिने प्रातिकामीला आल्या पावली परत धाडले आणि एक प्रश्न विचारावयास सांगितले: धर्मराज आधी स्वतःला हरले की मला? व्यासांच्या एवढ्या मोठ्या ग्रंथात आम्हाला याच्याइतका धारदार प्रश्न दुसरा आढळत नाही. त्यात विलाप नाही, विनवणी नाही. जो स्वतःच पणात गेला त्याला पुढचा पण लावण्याचा अधिकार उरतो काय, एवढेच तिचे म्हणणे आहे. हा प्रश्न धर्माचा खरा. पण त्याच्याही आधी तो खेळाच्या नियमाचा आहे. भीष्मांनी धर्माची गती सूक्ष्म म्हणून सांगितले आणि निवाडा दिला नाही. विदुराने सभेला उत्तर द्या म्हणून विनविले. धृतराष्ट्राच्या पुत्रांपैकी एकटा विकर्ण उभा राहिला, आणि त्याला कर्णाने खाली बसविले.

मौज अशी की, त्या डावात नियमाची हरकत याच्याही आधी एकदा निघाली होती. पण लावणार दुर्योधन आणि फासे टाकणार शकुनी. एकाच्या वतीने दुसऱ्याने खेळावे हे आपल्याला सरळ वाटत नाही, असे युधिष्ठिर स्वच्छ बोलला. आणि बोलून खेळावयास बसला! हरकत तोंडाने सांगावयाची आणि पाय तसेच पुढे टाकावयाचे, असली माणसे कामगार चळवळीत आम्ही पुष्कळ पाहिली आहेत.

आजचा आमचा विषय मात्र पोरांच्या खेळाचा आहे. दिव्याहून निघालेले रूळ पेण-नागोठण्यावरून १९८६ मध्ये रोह्यापर्यंत पोचले. त्या मार्गावर रोह्याच्या अलीकडे निडी हे लहानसे स्थानक लागते. त्या निडीत चार-पाच तरुण मंडळी सुट्टीच्या दिवशी एकत्र बसून एक खेळ खेळतात. त्यांतले दोघे धाटावच्या रासायनिक कारखान्यांत पाळीवर जातात, एक मुलगी महाविद्यालयात आहे. खेळात पट असेलच असे नाही. एक जण सूत्रधार होतो आणि प्रसंग सांगतो: रात्र आहे, पडका किल्ला आहे, दरवाजा आतून बंद आहे. बाकीच्या प्रत्येक भिडूने एकेक सोंग घेतलेले असते. कोणी योद्धा, कोणी मांत्रिक, कोणी चोर. आपले सोंग आता काय करील ते त्याने बोलून दाखवावयाचे. जमेल की नाही अशी शंका आली की फासा टाकावयाचा. झाले, एवढाच खेळ. आम्ही प्रथम पाहिला तेव्हा मुले काही विलायती खूळ घेऊन बसली आहेत असे शेजारीपाजारी म्हणत होते. खूळ असेल; विलायती मात्र निम्मेच आहे. सोंग, फासा आणि निवाडा करणारा, ही या खेळाची तीन अंगे. त्यांतली पहिली दोन आपल्या घरात जुनीच आहेत.

फाशाचे पाहा. ऋग्वेदाच्या दहाव्या मंडलात जुगाऱ्याचे एक सबंध सूक्त आहे, आणि त्यातले फासे म्हणजे बेहड्याची फळे. हा बेहडा आपल्या सह्याद्रीच्या रानात आजही उभा आहे. मूठभर फळे उचलावयाची आणि चाराच्या हिशेबाने मोजावयाची. बाकी काही न उरली तर कृत, तीन उरली तर त्रेता, दोन उरली तर द्वापर आणि एक उरले तर कली. युगांना जी नावे मिळाली ती या डावांची आहेत. नळराजा द्यूतात राज्य हरला, बाहुक नावाचा सारथी बनून ऋतुपर्णाच्या पदरी राहिला, आणि तेथे त्याला अक्षविद्या मिळाली ती रस्त्याकडेच्या बेहड्याच्या झाडाची पाने आणि फळे मोजता मोजता. आमचा खंडोबाही तसाच. म्हाळसेबरोबर सारीपाट खेळताना हरला, बारा वर्षांचा वनवास पत्करला आणि बाणाईच्या वाड्यावर मेंढ्या राखावयास राहिला, असे वाघ्या-मुरळी गातात. राजा असो की देव, फाशाने त्याला खाली आणले आणि चाकरी करावयास लावले. फासा पडला, घर सुटले, सोंग घ्यावे लागले. निडीतल्या खेळाचा सांगाडा यापेक्षा फारसा वेगळा नाही.

सोंगाची परंपरा तर विचारूच नका. बहुरूपी दारात येऊन फौजदार बनतो, घरधन्याला बेड्या घालण्याचा दम देतो, आणि घरधनी हसत हसत पायली-अर्धी पायली धान्य घालतो. १६६० मध्ये पन्हाळ्याच्या वेढ्यातून शिवाजी महाराज बाहेर पडले त्या रात्री शिवा काशीद त्यांचे सोंग घेऊन पालखीत बसला आणि त्या सोंगापायी प्राणाला मुकला, ही कथा तुम्हाला आम्ही सांगावयास नको. १८४३ मध्ये सांगलीला विष्णुदास भाव्यांनी ‘सीतास्वयंवर’ उभे केले. त्यात पदे काय ती रचलेली होती आणि ती सूत्रधार म्हणे. पात्रांची भाषणे ज्याची त्याने आयत्या वेळी करावयाची असत. पुढे लिहिलेली, पाठ करावयाची नाटके आली. १८८० मध्ये किर्लोस्करांचे ‘शाकुंतल’ रंगभूमीवर आल्यावर तर भाव्यांच्या त्या राक्षसांच्या नाटकांना ‘अललडुर्र’ म्हणून हिणविण्याचीच रीत पडली. आम्हाला हा अन्याय वाटतो. रावणाची भाषा पाठ नसताना रावण म्हणून उभे राहावयाचे आणि समोरचा काय बोलेल याची कल्पना नसताना त्याला रावणालाच शोभेल असे उत्तर द्यावयाचे, हे येरागबाळ्याचे काम नव्हे. तळकोकणातल्या दशावताराने ही कला राखली. जत्रेच्या रात्री गणपती-संकासुराचा पूर्वरंग होतो आणि मग आख्यान लागते. कथेचा ओघ सर्वांना ठाऊक असतो, कोणी काय व्हावयाचे ते ठरलेले असते, आणि संवाद जागच्या जागी जन्मतात.

मग आपल्याकडे उणे काय होते? निवाडा करणारा. हे अंग दूरच्या मुलखातून आले. प्रशियाच्या राज्यात रायस्विट्झ नावाच्या बापलेकांनी सैनिकी अधिकाऱ्यांच्या शिक्षणासाठी युद्धाचा खेळ रचला. मुलाने १८२४ मध्ये त्याचे नियम छापले. दोन्ही बाजूंनी आपले हुकूम लिहून पंचाकडे द्यावयाचे. पंचाने फासे टाकून आणि कोष्टके पाहून किती माणसे पडली ते सांगावयाचे. आणि ज्याच्या सैन्याला जेवढे दिसेल तेवढेच त्याला दाखवावयाचे. कोष्टके वाढत गेली, खेळ रेंगाळू लागला. तेव्हा १८७६ मध्ये व्हेर्डी द्यू व्हेर्न्वा या सेनाधिकाऱ्याने कोष्टके फेकून द्या, अनुभवी पंच सांगेल तेच प्रमाण माना, असा पक्ष मांडला. नियम मोठा की पंच मोठा, हा तंटा तेव्हापासूनचा, आणि तो निडीत अजून मिटलेला नाही.

अमेरिकेत १९६९ च्या सुमारास डेव्हिड वेझली या तरुणाने अशाच खेळात सैन्याऐवजी एकेका भिडूला एकेक माणूस दिला. गाव प्रशियातले कल्पिलेले. कोणी नगराध्यक्ष, कोणी विद्यार्थी. लढाई बाजूला राहिली आणि भिडू आपापसांत कारस्थाने करीत बसले. वेझलीला वाटले, डाव फसला. भिडू म्हणाले, पुन्हा केव्हा? त्यांच्यातला डेव्ह आर्नेसन आणि दुसऱ्या गावचा गॅरी गायगॅक्स या दोघांनी मिळून १९७४ मध्ये ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ हा खेळ छापला. पहिल्या खेपेस प्रती काढल्या एक हजार. गायगॅक्स विमा कंपनीत कामाला होता. १९७० मध्ये ती नोकरी गेली आणि तो जोडे दुरुस्त करून प्रपंच चालवू लागला. शाळाही त्याने अर्ध्यावर सोडलेली. आमच्यासारख्या शाळा सुटलेल्या माणसाला ही हकीकत वाचून बरे वाटले, हे कबूल करावयास हरकत नाही.

आता निडीच्या मंडळींनी आमच्यापुढे दोन गोष्टी मांडल्या. सोंग कसे निवडावे, आणि नियमावरून भांडण झाले तर काय करावे?

सोंगाचे उत्तर विराटपर्वात आहे. तेरावे वर्ष अज्ञातवासाचे. ओळख पटली तर पुन्हा बारा वर्षे रानात. इतका कडक नियम मागे असताना पांडवांनी सोंगे कशी निवडली? भीम स्वयंपाकी झाला, कारण त्याला अन्नाची जाण होती. नकुलाने घोडे धरले, सहदेवाने गाई. अर्जुन नाचगाणे शिकवू लागला. आणि ज्याला द्यूताने बुडविले तो युधिष्ठिर द्यूत खेळणारा कंक होऊन राजाजवळ बसला! प्रत्येकाचे सोंग त्याच्या अंगच्या एखाद्या गुणातून, नाही तर जुन्या जखमेतून उगवले आहे. निडीतल्या एका भिडूने राजपुत्राचे सोंग घेतले होते: आईबाप नाहीत, तलवार मंतरलेली, भीती म्हणून कशाची नाही. अशा सोंगाला करावयाला काम काय उरते? त्यापेक्षा पेणच्या खाडीकाठचे मीठ बैलांवर लादून घाट चढणारा वाटाड्या घ्या. त्याला वाटा ठाऊक आहेत, चौकीवरचा जकातदार त्याला ओळखतो, सावकाराचे देणे आहे आणि पावसाला तो भितो, कारण मीठ विरघळते. सूत्रधाराने ढग आले म्हणताच हा माणूस काही तरी करू लागेल.

सोंग निभावणे हे आणखी अवघड. कीचकाने भर सभेत द्रौपदीला लाथ मारली तेव्हा भीमाची नजर बाहेरच्या झाडाकडे गेली. उपटून घेतले असते तर सगळेच उघडे पडते. कंकाने स्वयंपाक्याला एवढेच बजावले, सरपण हवे असेल तर दुसरीकडे जाऊन बघ. पुढे रागाच्या भरात विराटाने कंकाच्या तोंडावर फासा मारला, नाकातून रक्त आले, सैरंध्रीने ते पात्रात धरले. तरी कंकाने आपण कोण ते सांगितले नाही. चांगल्या भिडूने आपल्या सोंगाला मार खाऊ द्यावा, आणि दुसऱ्याचे सोंग उघडे पडत असेल तर ते सावरावे. एकट्यानेच प्रत्येक दरवाजा उघडणारा भिडू शेजाऱ्यांचा खेळ खातो.

नियमांविषयी आम्ही जरा अधिकाराने बोलू शकतो, कारण उभी हयात त्यांतच गेली. जॉबरचा शब्द हाच गिरणीत नियम, असा एक काळ होता. १९४६ मध्ये स्थायी आदेशांचा कायदा झाला. नोकरीच्या अटी लिहून, बहुसंख्य कामगारांना समजेल त्या भाषेत प्रवेशद्वाराजवळ लावल्या पाहिजेत असे त्यात ठरले. तो लावलेला कागद पहिल्यांदा वाचताना माणसाची मान किती वर येते, हे आम्ही पाहिले आहे. निडीच्या मुलांचे नियमपुस्तक इंग्रजीत. ते घडाघड वाचणारा एकटा सूत्रधार. साहजिकच प्रत्येक भांडण तोच जिंकी. आम्ही म्हटले, नियम मराठीत आणा, दोन पानांत बसतील तेवढेच आणा, आणि भिंतीला लावा.

दुसरे असे की, सूत्रधारानेही फासा सर्वांसमक्ष टाकावा. तो पुठ्ठ्याच्या आडोशाने टाकी, म्हणजे गोष्ट रंगविण्यासाठी आकडा इकडचा तिकडे करता येतो. हेतू चांगला असेल. पण एका चौकशीत आम्ही कामगाराच्या बाजूने बसलो होतो. तेथे आरोप ठेवणारा आणि निकाल लिहिणारा यांचे जेवण एकाच टेबलावर होई, आणि हेतू त्यांचेही चांगले असल्याचे आम्हाला दर दिवशी सांगण्यात येई. आडोसा तो आडोसा.

फाशाचा स्वभावही ओळखावा. वीस पैलूंच्या एका फाशावर एक पडणे आणि वीस पडणे सारखेच संभवनीय. कसबी माणूसही विसांत एकदा तोंडघशी पडतो. सहा पैलूंचे तीन फासे टाका. एकूण २१६ तऱ्हांपैकी अठरा फक्त एकदा येतात, दहा सत्तावीस वेळा आणि अकराही सत्तावीस वेळा. रोजच्या सरावाचे काम असेल तर तीन फासे बरे, जिवावरची उडी असेल तर एक. आणि हरण्यासारखे काही नसेल तेथे फासा टाकूच नये. दाराला कुलूप नाही, पाठीवर कोणी नाही, घाई नाही. मग दार उघडले म्हणा आणि पुढे चला.

भांडणाचे म्हणाल तर सभेची रीत चांगली. अध्यक्षाने निर्णय दिला की काम पुढे चालावे. हरकत असेल त्याने ती लिहून ठेवावी. सभा संपल्यावर सर्वांनी बसून ती काढावी, आणि जे ठरेल ते पुढच्या वेळी सूत्रधारासह सर्वांना लागू व्हावे. मागच्या तारखेपासून मात्र नाही. मेलेले सोंग त्या निर्णयाने उठत नाही.

मंडळींनी हे मान्य केले आणि पहिलाच तंटा निघाला तो असा: ज्याची दुसरी पाळी लागली आणि तो येऊ शकला नाही, त्याच्या सोंगाचा फासा कोणी टाकावा? एकाने म्हटले, मी टाकतो. महाविद्यालयातली ती मुलगी नको म्हणाली. अर्धा तास वाद झाला. द्रौपदीच्या प्रश्नाला मिळाला त्याहून किती तरी अधिक वेळ. अखेर भिंतीवरच्या कागदाला एक ओळ जोडली गेली: गैरहजर भिडूच्या वतीने कोणी फासा टाकू नये; त्याचे सोंग त्या रात्री तळावर झोपले आहे असे समजावे, आणि तळावर हल्ला झाला तरी त्याला कोणी उठवू नये.