धनुर्विद्येच्या हंगामापूर्वी शरीराची तयारी कशी करावी?

“डॉक्टर, स्पर्धा महिन्यावर आली आणि हिचा खांदा दुखतोय. काहीतरी गोळी द्या.” पावसाळ्याच्या शेवटी दवाखान्यात हे वाक्य हमखास ऐकू येते. चौकशी केली की गोष्ट बहुतेक वेळा सारखीच निघते. सुट्टीत आणि पावसात सराव बंद होता. मग स्पर्धेची तारीख कळली आणि पहिल्याच दिवसापासून जुनेच धनुष्य, जुनीच बाणांची संख्या सुरू झाली. धनुष्याचे वजन तेवढेच राहिले होते, अंगातली ताकद मात्र दोन महिन्यांत कमी झाली होती.

ऑगस्ट २०२३ मध्ये बर्लिनच्या जागतिक स्पर्धेत साताऱ्याच्या अदिती स्वामी आणि नागपूरचे ओजस देवतळे यांनी कंपाउंड प्रकारात वैयक्तिक सुवर्णपदके जिंकली. अदिती तेव्हा १७ वर्षांची होती. अशी उदाहरणे पाहून मुलांनी धनुष्य हाती घेणे ही आनंदाची गोष्ट आहे. पण या खेळात खांद्याचे दुखणे अपघातापेक्षा घाईमुळे जास्त होते. त्यामुळे ते टाळताही येते.

धनुष्य ओढताना शरीरात काय होते?

धनुष्याचा ताण पौंडात मोजतात. ३० पौंड म्हणजे सुमारे साडेतेरा किलो. रिकर्व्ह प्रकारच्या मानांकन फेरीत ७२ बाण मारावे लागतात. हिशोब केला तर एका फेरीत मुलगा एकूण साधारण ९८० किलो, म्हणजे जवळजवळ एक टन ओढतो. सरावाचे बाण वेगळेच.

रिकर्व्हमध्ये दोरी पूर्ण ओढल्यावर सगळा ताण हातावर असतो आणि तो धरून नेम साधावा लागतो. कंपाउंड धनुष्याच्या चाकांमुळे शेवटी धरण्याचा ताण बराच कमी होतो, पण त्याआधीचा जड टप्पा ओलांडावाच लागतो. बांबूच्या धनुष्यावर ताणाचा आकडा लिहिलेला नसला, तर लटकत्या वजनकाट्याने तो मोजून घ्या.

हे काम एकटा दंड करत नाही. खरा जोर पाठीच्या वरच्या भागातून, फऱ्याभोवतीच्या स्नायूंतून यायला हवा. खांद्याचा सांधा उथळ वाटीत ठेवलेल्या चेंडूसारखा असतो. तो चेंडू जागेवर ठेवण्याचे काम ‘रोटेटर कफ’ हे चार छोटे स्नायू करतात. फऱ्याचे स्नायू थकले की खांदा कानाकडे वर सरकतो आणि या छोट्या स्नायूंच्या कंडरा हाडाखाली चिमटल्या जातात. सरावाच्या शेवटच्या अर्ध्या तासात मुलाचा खांदा वर चढताना दिसला, तर त्या दिवशी तिथेच थांबा.

स्नायू लवकर तयार होतात, कंडरा उशिरा

व्यायाम सुरू केल्यावर तीन-चार आठवड्यांत ताकद वाढल्याचे जाणवते. पण स्नायूला हाडाशी जोडणाऱ्या कंडरांना रक्तपुरवठा कमी असतो. त्यांना मजबूत व्हायला जास्त वेळ लागतो. “आता सहज ओढता येतंय” असे वाटते, तेव्हाच धोका जास्त असतो.

वाढत्या वयात आणखी एक गोष्ट लक्षात ठेवावी लागते. हाडांच्या टोकांशी वाढीची कूर्चा असते. ती किशोरवयाच्या अखेरीपर्यंत पूर्ण हाड झालेली नसते आणि सतत ताण आला तर दुखावू शकते. म्हणून पालकांना एक विनंती: शाळेचा गणवेश आपण वाढत्या अंगाचा घेतो, तसे धनुष्य घेऊ नका. “पुढच्या वर्षीही चालेल” म्हणून घेतलेले जड धनुष्य या वर्षी खांदा बिघडवते. बऱ्याच रिकर्व्ह धनुष्यांची वरची-खालची पाती, म्हणजे लिंब, बदलता येतात. हलक्या लिंबांनी सुरुवात करा.

सुरुवात करण्यापूर्वी तपासणी कोणी करून घ्यावी?

पुढीलपैकी काही असेल तर सराव वाढवण्याआधी डॉक्टरांना भेटा.

- खांदा पूर्वी निखळला असेल, किंवा मागच्या हंगामातले दुखणे अजून गेले नसेल.
- पळताना किंवा ताण आल्यावर छातीत दुखते, चक्कर येते, शुद्ध हरपते. किंवा घरात कोणाचा तरुण वयात अचानक मृत्यू झाला असेल.
- दम्याचा त्रास असेल.
- मुलगी लवकर दमते, फिकट दिसते, पाळीत जास्त रक्तस्राव होतो. किशोरवयीन मुलींत रक्ताल्पता फार आढळते. १२ वर्षांपुढील मुलींत हिमोग्लोबिन १२ ग्रॅमपेक्षा कमी असेल तर त्यावर उपचार हवेत.
- वय चाळिशीपुढे असेल, रक्तदाब किंवा मधुमेह असेल. ताण धरून ठेवताना, विशेषतः श्वास रोखला तर, रक्तदाब एकदम वाढतो.

औषधांबाबत सावधगिरी: प्रोप्रॅनोलॉल, अ‍ॅटेनोलॉल, मेटोप्रोलॉल ही ‘बीटा ब्लॉकर’ गटातली औषधे नाडी मंदावतात आणि हाताची थरथर कमी करतात. त्यामुळे धनुर्विद्येत ती स्पर्धेच्या काळात आणि एरवीही प्रतिबंधित आहेत. अर्धशिशी, घबराट किंवा रक्तदाबासाठी हीच औषधे नेहमी दिली जातात. म्हणून डॉक्टरांना “मूल धनुर्विद्या स्पर्धेत खेळते” हे आवर्जून सांगा. औषध मनाने बंद मात्र करू नका. ते अचानक थांबवणे धोक्याचे ठरू शकते. पर्यायी औषध आहे का, किंवा वैद्यकीय कारणासाठी रीतसर परवानगी मागावी लागेल का, हे डॉक्टर आणि प्रशिक्षकांशी बोलून ठरवा.

आठ आठवड्यांचा आराखडा

हा आराखडा निरोगी आणि आधी खेळलेल्या व्यक्तीसाठी आहे. प्रशिक्षकांच्या सल्ल्याने त्यात बदल करा.

- आठवडा १ आणि २: हलके धनुष्य किंवा व्यायामाचा रबरी पट्टा. बाण नेहमीच्या एक तृतीयांश. एक दिवसाआड सराव.
- आठवडा ३ आणि ४: बाण निम्म्यापर्यंत. धनुष्य हलकेच ठेवा.
- आठवडा ५ आणि ६: बाणांची संख्या तीच ठेवून ताण नेहमीच्या धनुष्यापर्यंत न्या, एका वेळी साधारण दोन पौंडांनी. दोन आठवडे पुरले नाहीत तर तारखेकडे पाहून घाई करू नका.
- आठवडा ७: बाण वाढवा. शेवटी एकदा पूर्ण फेरी, स्पर्धेच्याच वेळेला आणि उन्हात.
- आठवडा ८: बाण पुन्हा निम्मे. अंगाला विश्रांती, नेमाला सराव.

नियम एकच: ज्या आठवड्यात ताण वाढवाल, त्या आठवड्यात बाण वाढवू नका. ताण पेलतो आहे का हे पाहण्यासाठी दोरी पूर्ण ओढून पाच-सहा सेकंद धरायला सांगा. हात थरथरला, कंबर मागे वाकली किंवा खांदा वर गेला तर ते धनुष्य अजून जड आहे. अशा वेळी दोरी सावकाश परत आणा. बाण न लावता दोरी कधीही सोडू नका. धनुष्य तुटून इजा होऊ शकते.

घरी करायचे व्यायाम

आठवड्यातून तीन दिवस, प्रत्येकी १० ते १२ वेळा, दोन फेऱ्या पुरेशा आहेत.

1. कोपर बरगडीला टेकवून रबरी पट्टा बाहेरच्या बाजूला ओढणे.
2. पट्टा खिडकीच्या मजबूत गजाला अडकवून दोन्ही कोपरे मागे नेणे आणि फरे जवळ आणणे.
3. भिंतीवर हात टेकवून जोर काढणे. शेवटी भिंत थोडी जास्त ढकलणे.
4. प्लँक, २० ते ३० सेकंद. याने पोट आणि कंबर स्थिर होते.
5. अर्ध्या बैठका आणि एका पायावर उभे राहणे.

दोन्ही बाजूंचा व्यायाम करा. रोज एकाच हाताने ओढल्याने एक बाजू पुढे जाते आणि दुसरी मागे राहते.

पायांकडेही दुर्लक्ष नको. ७० मीटरच्या फेरीत सहा-सहा बाणांनंतर लक्ष्यापर्यंत जाऊन यावे लागते. बारा फेऱ्यांचे ते अंतर सुमारे पावणेदोन किलोमीटर होते, तेही तासन्‌तास उन्हात उभे राहून. त्यासाठी आठवड्यातून पाच दिवस अर्धा तास भरभर चालणे किंवा सायकल चालवणे पुरते. दम टिकला तर नाडी लवकर शांत होते आणि शेवटच्या बाणालाही हात स्थिर राहतो.

आहार, पाणी, झोप

सरावाच्या आधी पोहे, उपमा किंवा भाकरीसारखे साधे खाणे असावे. नंतर उसळ, अंडी, दूध, शेंगदाणे यांतून प्रथिने मिळू द्या. उन्हात तहान लागण्याची वाट न पाहता थोडे थोडे पाणी प्या. भरपूर चहा-कॉफीने हात थरथरू शकतो. १३ ते १८ वयात रोज आठ ते दहा तास झोप हवी. झोपेतच शरीराची झीज भरून निघते.

कोणते दुखणे चालेल, कोणते नाही?

नव्या व्यायामानंतर दुसऱ्या दिवशी स्नायू ठणकतात आणि दोन-तीन दिवसांत बरे होतात. त्याची काळजी नको. पण पुढील लक्षणे दिसली तर धनुष्य खाली ठेवा.

- दोरी ओढताना खांद्यात एकाच ठिकाणी टोचल्यासारखे दुखणे.
- रात्री त्या कुशीवर झोपता न येणे.
- हात डोक्यावर नेताना दुखणे किंवा हात वर न जाणे.
- बोटांना मुंग्या, बधिरपणा. खांदा सटकल्यासारखा वाटणे.

दुखणे साधे असेल तर काही दिवस धनुष्याला विश्रांती द्या. कपड्यात गुंडाळलेला बर्फ १० ते १५ मिनिटे लावा. चालणे चालू ठेवा. एक-दोन आठवड्यांत आराम पडला नाही तर डॉक्टरांना दाखवा. हात वर जातच नसेल, बधिरपणा असेल किंवा खांदा सटकला असेल तर वाट पाहू नका. वेदनाशामक गोळी घेऊन सराव करणे सर्वांत वाईट. गोळीने इजा बरी होत नाही, फक्त तिची सूचना ऐकू येईनाशी होते.

सराव करताना छातीत दुखले, शुद्ध हरपली किंवा श्वास घेता येईना, तर ताबडतोब १०८ वर फोन करा.

पालकांसाठी शेवटचे

एखादी स्पर्धा चुकली तर मुलाला वाईट वाटते आणि ते स्वाभाविक आहे. पण १४ व्या वर्षी वेळीच दिलेली तीन आठवड्यांची विश्रांती पुढची अनेक वर्षे खेळात टिकवू शकते. “दुखतंय” असे मूल म्हणाले की ते कारण सांगते आहे असे समजू नका. आधी धनुष्याचे पौंड विचारा, मग रोजचे बाण मोजा. दुखण्याचे कारण बहुधा त्या दोन आकड्यांतच सापडेल.