जीवाणुजन्य सेल्युलोज

जीवाणुजन्य सेल्युलोज म्हणजे काही जीवाणूंनी किण्वनाद्वारे तयार केलेले सेल्युलोज होय. त्याची रासायनिक रचना वनस्पतींतील सेल्युलोजसारखीच असते. मात्र त्यात लिग्निन व हेमिसेल्युलोज नसतात. चंद्रपूर जिल्ह्यातील बल्लारपूर येथील कागद गिरणीसारख्या कारखान्यांत बांबूचा लगदा करताना लिग्निन काढण्यासाठी रसायने व उष्णता लागते. जीवाणुजन्य सेल्युलोज सौम्य अल्कलीने व पाण्याने धुतले की शुद्ध होते. तरीही मोठ्या प्रमाणावरील उत्पादन खर्चिक असल्याने ते कागदनिर्मितीत लाकूड-बांबूची जागा घेऊ शकलेले नाही.

इतिहास

इ.स. १८८६ मध्ये ब्रिटिश रसायनशास्त्रज्ञ ए. जे. ब्राउन यांनी व्हिनेगरमधील जीवाणूंमुळे द्रवावर जमणाऱ्या चिवट पापुद्र्याचे वर्णन केले. पूर्वी ॲसिटोबॅक्टर झायलिनम या नावाने ओळखला जाणारा हा जीवाणू आता कोमागाटाइबॅक्टर झायलिनस म्हणून ओळखला जातो. मुंबईतील माटुंगा येथील रसायन तंत्रज्ञान संस्थेच्या रेखा सिंघल व सहकाऱ्यांनी २००९ मध्ये या सेल्युलोजच्या किण्वनावर व उपयोगांवर समीक्षालेख प्रसिद्ध केला.

निर्मिती

जीवाणूच्या पेशीत ग्लुकोजपासून यूडीपी-ग्लुकोज बनते व सेल्युलोज सिंथेस हे विकर त्यापासून साखळ्या तयार करते. या साखळ्या पेशीबाहेर येऊन सूक्ष्म तंतूंचे जाळे बनते. संवर्धनासाठी सुमारे २८ ते ३० अंश सेल्सियस तापमान व किंचित आम्लधर्मी माध्यम वापरतात. काही ग्लुकोजचे ग्लुकॉनिक आम्ल झाल्यास माध्यमाचा सामू घटतो व उत्पादन मंदावते.

बायोरिॲक्टर

हा जीवाणू ऑक्सिजनवर अवलंबून असल्याने स्थिर द्रवात तो पृष्ठभागावरच, दुधावरील सायीप्रमाणे, पापुद्रा तयार करतो. या पद्धतीत अखंड पत्रा मिळतो; परंतु अनेक दिवस व उथळ तबकांसाठी मोठी जागा लागते. द्रव घुसळल्यास ऑक्सिजन सर्वत्र पोहोचतो, पण पत्र्याऐवजी गोळ्या किंवा तंतू मिळतात आणि सेल्युलोज न बनवणारे उत्परिवर्तित जीवाणू वाढू शकतात. दाट होत जाणाऱ्या द्रवात हवा मिसळणेही कठीण जाते. म्हणून हवेच्या बुडबुड्यांनी द्रव खेळता ठेवणारे, तसेच फिरत्या चकत्या आळीपाळीने द्रवात व हवेत नेणारे बायोरिॲक्टर विकसित झाले. पहिल्या प्रकारात यांत्रिक घुसळण टळते, तर दुसऱ्यात पापुद्रा चकत्यांवर वाढतो.

उपयोग

ओल्या पापुद्र्याच्या वजनात बहुतांश पाणीच असते. त्यामुळे भाजलेल्या व अन्य जखमांवर ओलावा टिकवणारे आवरण म्हणून तो वापरतात. फिलिपिन्समध्ये नारळपाण्यापासून बनणारा नाटा डी कोको हा खाद्यपदार्थही जीवाणुजन्य सेल्युलोजच आहे.