पत्त्यावरून इतिहास

डॉ. द्वारकानाथ कोटणीस १९४२ साली चीनमध्ये वारले. सोलापुरात त्यांचे स्मारक आहे ते त्यांच्या घरी. उत्तर चीनच्या ज्या भागात ते जखमींवर उपचार करत होते, तिथेच रिचर्ड फ्राय हा व्हिएन्नाहून नाझींच्या तावडीतून निसटलेला ज्यू तरुणही वैद्यकीय काम करत होता. फ्राय वाचले. ऑस्ट्रियातले सुमारे ६५ हजार ज्यू मात्र मारले गेले. अशा माणसांना त्यांच्याच दारापुढे आठवणारी स्मारके हा या अभ्यासाचा विषय.

त्यांतली सर्वांत परिचित म्हणजे गुंटर डेमनिग या जर्मन कलावंताने १९९२ मध्ये कोलोनला सुरू केलेल्या स्मृतिशिला. आज त्या एक लाखाच्या वर आहेत. दहा सेंटिमीटरच्या पितळी चौकोनावर नाव, जन्मसाल, कधी नेले, कुठे मारले. माणूस स्वखुशीने जिथे शेवटचा राहिला, त्या घरापुढच्या फुटपाथवर शिला बसते.

या चार ओळी जुळवणे सोपे नाही. १९३९ च्या जर्मन जनगणनेत आजी-आजोबांपैकी कोण ज्यू होते, हे वेगळ्या पत्रकावर लिहून घेतले होते. हद्दपारीपूर्वी त्याच माणसांकडून कपाटे, खुर्च्या, अंथरूण-पांघरुणाची यादी भरून घेतली. कोणत्या गाडीत कोण, याच्याही टंकलिखित याद्या आहेत. म्हणजे अभ्यासकाचा मुख्य साक्षीदार गुन्हेगाराचा कारकून! म्हणूनच जेरुसलेमच्या याद वाशेम या होलोकॉस्ट-स्मारक संस्थेकडे नातलगांनी भरून दिलेली साक्षपत्रे शेजारी ठेवावी लागतात.

शिलांवर वादही आहेत. म्युनिकने सार्वजनिक जागेत त्या नाकारल्या. मृतांची नावे पुन्हा पायदळी नकोत, हा तिथल्या ज्यू समाजाच्या अध्यक्षा शार्लोट्टे क्नोब्लोख यांचा आक्षेप मराठी वाचकाला समजावून सांगावा लागू नये. तिथे आता भिंतीवर किंवा खांबावर नावे लागतात. मला हा मार्ग अधिक पटतो.

आपल्याकडे कोल्हापूरजवळ वळिवड्याला १९४३ ते ४८ मध्ये सुमारे पाच हजार पोलिश निर्वासित राहिले. त्यांतल्या अनेकांना सोव्हिएत राजवटीने हद्दपार केले होते. ती कथा वेगळी, तिची होलोकॉस्टशी सरमिसळ नको. सोलापुरात इंग्रजांनी लावलेल्या मार्शल लॉची तर नकोच. उसनी घ्यायची ती फक्त पद्धत. त्या मार्शल लॉनंतर १२ जानेवारी १९३१ रोजी फाशी गेलेल्या सोलापूरच्या चार हुतात्म्यांचे पुतळे चौकात आहेत. ते कोणत्या पेठेत, कुणाच्या शेजारी राहत, हे इथल्या विद्यार्थ्याने आधी शोधावे.