चाळिशीनंतर पुन्हा पोहताना : दम लवकर येतो, खांद्याला वेळ लागतो

शाळा-कॉलेजात स्पर्धा गाजवलेले अनेक जण पंधरा-वीस वर्षांनी पुन्हा तलावावर येतात. हात मारण्याची पद्धत आठवते, पण २५ मीटरच्या दोन फेऱ्यांतच धाप लागते. असे का होते?

पोहण्याचे कौशल्य मेंदूत दीर्घकाळ टिकते. हृदय-फुप्फुसांची क्षमता मात्र सराव थांबल्यावर काही आठवड्यांतच घटू लागते.

खरा धोका कुठे?

सराव सुरू झाला की दम वाढतो, स्नायूही साथ देतात. पण स्नायूंना हाडाशी जोडणारे कंडरे सावकाश बळकट होतात. जुन्या वेगाची सवय असलेला पोहणारा इथेच घाई करतो आणि खांदा दुखावून बसतो.

सुरुवात कशी करावी?

• आधी रक्तदाब आणि हृदयाची तपासणी.
• आठवड्यातून दोन-तीन दिवस, मध्ये विश्रांती.
• छोट्या फेऱ्या. अंतर आधी वाढवावे, वेग नंतर.
• खांदा दुखला की थांबावे. छातीत दुखल्यास किंवा चक्कर आल्यास पाण्याबाहेर येऊन लगेच डॉक्टर गाठावा.

स्पर्धेचे काय?

‘मास्टर्स’ जलतरण २५ वर्षांपासून पुढे असते. त्यात पाच-पाच वर्षांचे वयोगट असल्याने लढत समवयस्कांशीच होते.

अमेरिकेच्या डारा टॉरेस २०००च्या सिडनी ऑलिंपिकनंतर काही वर्षे स्पर्धांपासून दूर होत्या. २००८ मध्ये बीजिंगला ४१व्या वर्षी त्यांनी तीन रौप्यपदके मिळवली. ५० मीटर फ्रीस्टाइलचे सुवर्ण सेकंदाच्या शंभराव्या भागाने हुकले.